नोंद घेणाऱ्यांची नोंद

दरवर्षी 12 ऑगस्टला विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ग्रंथपाल दिन साजरा होतो. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, ग्रंथप्रदर्शन मांडले जाते आणि वर्षभरात ज्यांनी काही मिळवले त्यांचा सत्कार होतो. कोणाची पीएच.डी. झालेली असते, कोणाचा निबंध राष्ट्रीय चर्चासत्रात वाचला गेलेला असतो, कोणी प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त होत असते. या बातम्या ग्रंथालयाच्या वार्तापत्रात छापल्या जातात, तिथून विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात जातात आणि पुढे विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात 4.2 या निकषाखाली जमा होतात. तिथे संगणकीकरण, पुस्तकांवरचा खर्च आणि रोजचा वापर यांचे आकडे मागितलेले असतात.

हे सगळे छापायलाच हवे. पण ग्रंथालयात वर्षभर काय घडले, ते यातून फार थोडे कळते. ज्या कामामुळे एखाद्या संशोधकाचे सहा महिने वाचले, त्या कामाला अहवालात रकाना नसतो. तसा रकाना असता तर त्यात कोणाची नावे आली असती?

पहिले नाव मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातूनच घेता येईल. या ग्रंथालयाची बातमी आली की ती बहुधा इमारतीची असते, आणि त्यात नवल नाही. प्रेमचंद रायचंद यांनी 1864 साली ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. सर गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केला आणि 1878 साली बांधकाम पुरे झाले. 2018 साली मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात ही वास्तूही आहे. रंगीत काचा, गोल जिना, उंच छत यांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली आहेत.

त्याच छताखाली ग्रंथपाल म्हणून काम केलेल्या दारा नसरवानजी मार्शल यांचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांचे ‘मुघल्स इन इंडिया’ हे पुस्तक 1967 साली प्रसिद्ध झाले. पुस्तक कसले, तर मुघलकाळाविषयीच्या हस्तलिखितांचे सूचीरूप सर्वेक्षण. कोणी लिहिले, काय लिहिले, त्याची प्रत आज कोणत्या संग्रहात आहे, अशा नोंदींमागून नोंदी. सलग वाचायला घ्यावे असे त्यात काहीच नाही. पण मुघल इतिहासावर काम करणाऱ्याला त्यामुळे वेगवेगळ्या संग्रहांच्या याद्या स्वतः चाळत बसावे लागत नाही. कुठे पत्र पाठवायचे आणि कोणता क्रमांक मागायचा हे त्याला आधीच कळते. विद्यापीठाच्या ग्रंथपालाने विद्यापीठाबाहेरच्या, देशाबाहेरच्याही अनोळखी माणसासाठी केलेले हे काम आहे. कोणत्याही सत्कारसमारंभात पहिली खुर्ची अशा कामाला मिळायला हवी.

या ग्रंथालयाच्या हस्तलिखितांचे भाग्य असे की त्यांना तालिका करणारी माणसे मिळत गेली. अरबी, फारसी आणि उर्दू हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची शेख अब्दुल कादिर सरफराज यांनी केली, ती 1935 साली निघाली. संस्कृत आणि प्राकृत हस्तलिखितांची सूची गो. वि. देवस्थळी यांनी 1944 साली पुरी केली. पुढे आसफ अली असगर फैजी यांनी आपला इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह विद्यापीठाला दिला आणि त्याची सूची 1965 साली आली. वर्णनात्मक सूची म्हणजे प्रत्येक पोथी उघडायची, पाने मोजायची, आरंभ आणि शेवट उतरवून घ्यायचा, पुष्पिकेत, म्हणजे समाप्तीच्या मजकुरात, लेखकाने किंवा लेखनिकाने काळ सांगितला असेल तर तो वाचायचा, नसेल तर कागद, अक्षर आणि आतले उल्लेख यांवरून अंदाज बांधायचा. एका पोथीला एक दिवस लागतो, कधी आठवडा.

पुष्पिका वाचता वाचता माणूस किती दूर जाऊ शकतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर हे विद्यापीठाचे ग्रंथालय नव्हे. पण देवरुखचे परशुराम कृष्ण गोडे 1919 पासून जवळजवळ आयुष्यभर तिथल्या हस्तलिखितांचे अभिरक्षक होते आणि त्यांचे काम प्रत्येक विद्यापीठ ग्रंथालयाने समोर ठेवावे असे आहे. पोथ्या सांभाळणे आणि मागेल त्याला काढून देणे, ही त्यांची नोकरी. त्या नोकरीतून त्यांनी चारशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. संस्कृत ग्रंथकारांचे काळ ठरवण्यापासून सुरुवात झाली आणि मग रांगोळी, तंबाखू, चष्मा अशा रोजच्या वस्तूंच्या इतिहासापर्यंत ते पोचले. चष्मा हिंदुस्थानात केव्हा आला, हे शोधायला कोणी वेगळी मोहीम काढली नव्हती. हाताखालून जाणाऱ्या पानांत उल्लेख दिसला, तो टिपून ठेवला, पुढचा उल्लेख मिळेपर्यंत वाट पाहिली. त्यांचे बहुतेक निबंध अशा टिपणांतूनच उभे राहिले.

गोव्यातही असा एक धागा सापडतो. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पोर्तुगीज काळात गोव्याच्या दफ्तरखान्याचे काम पाहिले आणि पोर्तुगीज-मराठा संबंधांवरची मूळ कागदपत्रे उजेडात आणली. मराठ्यांच्या इतिहासाला त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्यांचा ग्रंथसंग्रह आज गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद लावले, त्याची पुस्तके आता दुसरे कोणी लावते आहे.

रंगनाथन यांची गोष्ट ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असते, तरी तिच्यातला एक भाग कमी सांगितला जातो. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवत. 1924 च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून रुजू झाले आणि थोड्याच दिवसांत कंटाळले. वर्ग नाही, विद्यार्थी नाहीत, बोलायला कोणी नाही. मला परत वर्गात घ्या, असे सांगायला ते प्राचार्यांकडे गेले. आधी विद्यापीठाच्या खर्चाने लंडनला जाऊन ये, मग ठरवू, असे उत्तर मिळाले. लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स यांच्या हाताखाली ते शिकले, इंग्लंडमधली ग्रंथालये हिंडले आणि वर्गीकरणाच्या पद्धती त्यांना खटकू लागल्या. एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहताना, मोजक्या पट्ट्या आणि स्क्रूंपासून हवी ती वस्तू जोडता येते, तर विषयाचा अंकही असाच जोडता का येऊ नये, ही कल्पना त्यांना सुचली. 1925 साली ते परतले. ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचा ग्रंथ 1931 चा, द्विबिंदू वर्गीकरण 1933 चे, तालिकेची संहिता 1934 ची.

कमी सांगितला जाणारा भाग हा की या तिन्ही गोष्टी चालू ग्रंथालयात, मद्रासच्या रॅकांमध्ये तयार झाल्या. वाचक समोर उभा आहे, त्याला पुस्तक सापडत नाही, का सापडत नाही याचा शोध घेतला जातो आहे, असे त्या शास्त्राचे मूळ आहे. चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे, आणि ते काउंटरवर उभ्या राहिलेल्या माणसालाच सुचू शकते. पुढे बनारस हिंदू विद्यापीठात 1945 ते 1947 या काळात त्यांनी सुमारे एक लाख पुस्तकांचे वर्गीकरण आणि तालिकीकरण बहुतांशी एकहाती केले. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले, नावाजलेले गृहस्थ होते. 1956 साली साठवलेले एक लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला दिले आणि पत्नी शारदा यांच्या नावाने ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन सुरू करवले.

ही मोठ्या माणसांची उदाहरणे झाली. पण तालिका विभागात बसणारा सहायक रोज ज्या अडचणी सोडवतो त्या याच जातीच्या आहेत, आणि मराठी पुस्तकांच्या बाबतीत त्या अंमळ जास्तच आहेत.

विभावरी शिरूरकर यांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 साली आले, तेव्हा ही लेखिका कोण यावर वादळ उठले. त्या होत्या बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर. तीन नावांखाली तीन ठिकाणी नोंदी विखुरल्या तर एम.ए.च्या विद्यार्थिनीला त्या तीन वेगळ्या लेखिका वाटतील. राम गणेश गडकरींची नाटके त्यांच्या नावावर, कविता गोविंदाग्रजांच्या आणि विनोदी लेख बाळकरामांच्या. कोणते नाव मुख्य धरायचे आणि बाकीच्या नावांवरून तिथे कसे पोचवायचे, हा निर्णय तालिकाकार घेतो. तो एकदा नीट घेतला की पुढे पन्नास वर्षे कोणाला काही जाणवत नाही.

जुन्या पुस्तकांचे वेगळेच. मुखपृष्ठ गेलेले, आत फक्त शक छापलेला. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण पुस्तक जानेवारी ते फाल्गुनअखेर छापलेले असेल तर 79 मिळवायचे. महिना दिलेला नसेल तर शके 1800 समोर 1878-79 असे लिहायला हवे. घाईने 1878 लिहिले, तर पुढे कोणीतरी दोन पुस्तकांमधला आधी-नंतरचा क्रम चुकीचा ठरवील आणि त्या क्रमावर प्रबंधाचे एक प्रकरण बेतेल.

वर्गांकाचेही तसेच. ड्युईच्या 1876 सालच्या पद्धतीत इंग्रजी साहित्याला 820 हा सुटसुटीत अंक आहे. मराठी साहित्य 891.46 मध्ये, दशांश चिन्हाच्या पलीकडे. ज्या ग्रंथालयात मराठीची हजारो पुस्तके आहेत तिथे कथा, कविता, कालखंड, लेखक हे सगळे त्या अंकाच्या शेपटीला जोडावे लागते. पुस्तकाच्या कण्यावर तो अंक मावत नाही. मग स्थानिक तडजोड करावी लागते, ती लिहून ठेवावी लागते आणि नव्याने आलेल्या माणसाला शिकवावी लागते.

संगणक आला तेव्हा यातले काही सोपे झाले आणि काही नव्याने उभे राहिले. सुरुवातीची मराठी माहिती वेगवेगळ्या खासगी फाँटांत भरली गेली. फाँट बदलला की अक्षरांचा कचरा. युनिकोड रुळल्यावर कित्येक ग्रंथालयांत त्या नोंदी पुन्हा हाताने तपासाव्या लागल्या. तरी अनुक्रमाचा प्रश्न उरतोच. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या पाठोपाठ बसतो, क्ष हा क च्या घरात जातो आणि ज्ञ हा ज च्या. शाळेत शिकलेल्या क्रमाने यादी पाहणाऱ्याला ‘ज्ञानेश्वर’ सापडत नाहीत. हे ओळखून यादी सुधारणारा माणूस सॉफ्टवेअर कंपनीत नसतो. तो ग्रंथालयात असतो, आणि त्याच्या पदनामात संगणक हा शब्दही नसतो.

गेल्या काही वर्षांतली विद्यापीठ ग्रंथालयांची सर्वांत मोठी बातमी म्हणजे ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके आता 6,300 हून अधिक शासकीय संस्थांना खुली आहेत. गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याला मुंबईतल्या विद्यार्थ्याइतकेच वाचायला मिळेल, ही खरोखर आनंदाची गोष्ट आहे. शोधगंगेवर देशभरातले प्रबंध मोफत मिळतात, तेही विद्यापीठांच्या ग्रंथालयांनीच चढवलेले.

पण त्या 13,000 नियतकालिकांच्या मोठ्या दालनात वाईचे ‘नवभारत’ नाही, पुण्याचे ‘भाषा आणि जीवन’ नाही. मराठीत संशोधन करणाऱ्याला कोणत्या अंकात कोणता लेख आहे हे अजूनही अंक हातात घेऊन, अनुक्रमणिका उतरवून, विषयवार नोंदी करणारा कोणीतरी लागतो. शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, मग 1938 ते 1950 पर्यंतची. ते कोणत्याही विद्यापीठाच्या नोकरीत बसून केलेले काम नव्हते. आज प्रत्येक विद्यापीठाचा मराठी विभाग त्या सूचीवर उभा आहे. नियतकालिकांतल्या लेखांची तशी सूची विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी एकत्र येऊन वाटून घेतली, तर पाच-दहा वर्षांत पुरी होण्यासारखी आहे. त्यासाठी तालिका विभागात माणसे लागतील. निवृत्तांच्या जागा रिकाम्या ठेवून आणि कंत्राटी मुलांना दर अकरा महिन्यांनी बदलून हे होणार नाही. स्थानिक तडजोडी, जुन्या संग्रहांच्या खुणा, कोणत्या देणगीतली पुस्तके कुठे मिसळली, हे ज्ञान माणसाबरोबर निवृत्त होते.

आणि परिचरांविषयी. पडताळणीच्या वेळी रॅकवरून एकेक पुस्तक उतरवणारे, वाळवी लागल्याचे सर्वांत आधी ज्यांना कळते, बायंडिंगला गेलेल्या गठ्ठ्यातून पाने उलटी लागून आली तर जे परत पाठवतात, निर्लेखनाच्या ढिगातून एखादे दुर्मीळ पुस्तक उचलून ‘साहेब, हे बघा एकदा’ म्हणून टेबलावर ठेवतात, ते हे लोक. वार्तापत्राच्या पुढच्या अंकात पीएच.डी.च्या बातमीशेजारी ही बातमीही यावी: कोणी, कोणत्या ढिगातून, काय वाचवले.

वाचकांनी करण्यासारख्या गोष्टी लहान आहेत. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ‘ग्रंथालयातील सर्व कर्मचारी’ असे न लिहिता ज्याने पुस्तक शोधून दिले त्याचे नाव विचारून लिहा. छापील पुस्तक निघाले तर एक प्रत त्या ग्रंथालयाला द्या. आणि तालिकेत लेखकाचे नाव, साल किंवा वर्गांक चुकलेला दिसला तर मनात ठेवू नका. चिठ्ठीवर दाखल क्रमांक आणि चूक लिहून देवघेव विभागात द्या. ती नोंद दुरुस्त होते.