झालंय म्हणतात, पण दिसत नाही

आजचा विषय ऐकून काही जण पहिल्याच परिच्छेदात पळ काढतील. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर बसवणं आणि ते खरंच बसलं का हे ओळखणं, यावर लिहिणार आहे. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली मी बाई, आयुष्यभर व्याकरण शिकवलं. कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणाल तर २००६ साली सरकारी सक्तीनं केलेली एमएस-सीआयटी, तेवढंच. पण गेल्या नोव्हेंबरात आमच्या कन्नडमध्ये चार दिवस याच विषयात गेले, आणि डोक्यात आलेलं कागदावर उतरवल्याशिवाय मला चैन पडत नाही हे घरच्यांना ठाऊक आहेच.

नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. माझं काम सोपं. बँकेत यादी येते, नावासमोर सही करायची, झालं. पण सगळ्यांचं असं नसतं. एसटीतून निवृत्त झालेले, कारखान्यातून निवृत्त झालेले लोक ईपीएस-९५ ची पेन्शन घेतात. १ सप्टेंबर २०१४ पासून तिची किमान रक्कम महिना १००० रुपये झाली. त्यांना डिजिटल दाखला लागतो, 'जीवन प्रमाण' म्हणतात तो. नोव्हेंबर २०१४ मध्ये ही सोय सुरू झाली. यंत्रावर अंगठा ठेवायचा, तो आधारशी जुळला की तुम्ही जिवंत. दाखला वर्षभर चालतो. वर्ष उलटलं आणि नवा गेला नाही तर पेन्शन थांबते. पुढे दाखला दिला की मागचे पैसे मिळतात म्हणा, पण ज्याच्या बीपीच्या गोळ्या त्याच पैशातून येतात त्यानं तोवर काय करायचं?

तर आमच्या गल्लीत एसटीतले एक निवृत्त ड्रायव्हर राहतात. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला गाडी नेण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेलेली. ते आले आणि म्हणाले, "बाई, तीन दिवस झाले, बँकेतलं मशीन अंगठाच घेईना. तुम्ही बघा की जरा."

गेले त्यांच्याबरोबर. कोणती बँक ते विचारू नका, सांगणार नाही. बाकावर पंधरा-वीस म्हातारी माणसं बसलेली. पिशोरकडून आलेली एक आजी डबा घेऊनच आली होती. काउंटरवरचा मुलगा बिचारा चांगला, पण रडकुंडीला आलेला. अंगठ्याचं यंत्र कोरं करकरीत, तारेनं कॉम्प्युटरला जोडलेलं, आणि पडद्यावर मात्र 'यंत्र तयार नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश. मी विचारलं, "अरे, याचं सॉफ्टवेअर टाकलंय का?" तो म्हणाला, "मॅडम, आम्हाला इथे काहीच टाकता येत नाही. सगळं मुंबईहून येतं. मुंबईला फोन केला तर ते म्हणतात, आमच्याकडे तुमच्या कॉम्प्युटरसमोर इन्स्टॉल्ड दिसतंय."

म्हणजे मुंबईला दिसतंय आणि कन्नडला दिसत नाही!

माझी भाची पुण्यात एका कंपनीत नेमकं हेच काम करते. कंपनीचे काही हजार कॉम्प्युटर, ते सगळे एका जागेवरून सांभाळायचे. कोणाच्या टेबलापाशी जायचं नाही. बसल्या जागेवरून सॉफ्टवेअर पाठवायचं आणि कुठे बसलं, कुठे नाही याची यादी बघायची. आजवर तिच्या कामाबद्दल मी 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच सांगत असे. त्या रात्री तिला फोन केला आणि तासभर शिकवणी घेतली.

ती म्हणाली, "मावशी, सॉफ्टवेअर पाठवणं सोपं असतं. ते बसलं की नाही हे कशावरून ठरवायचं, तिथेच सगळी मारामारी. सर्व्हरला डोळे नसतात. त्याला आपणच एक खूण सांगून ठेवायची: अमुक ठिकाणी अमुक फोल्डर असेल तर 'आहे' समज. मग तो तेवढंच बघतो."

खूण चुकीची सांगितली की काय काय होतं, याची तिची उदाहरणं ऐकताना मला हसू आवरेना. एका प्रोग्रामसाठी कोणीतरी नियम लिहिला की आवृत्ती २४.१ असेल तरच 'आहे'. प्रोग्राम शहाणा, त्यानं स्वतःच स्वतःला २४.२ करून घेतलं. झालं! सर्व्हर म्हणतो, नाहीच. आणि रोज पुन्हा बसवायला जातो. टेबलावरचा माणूस वैतागलेला, की कॉम्प्युटर रोज सकाळी अर्धा तास का अडतो. वरच्या वर्गात गेलेल्या पोराला खालच्या वर्गाच्या पटावर शोधून रोज गैरहजेरी मांडण्यासारखंच हे. दुसरं उदाहरण म्हणजे जुन्या धाटणीचे ३२ बिटवाले प्रोग्राम. नव्या विंडोजमध्ये त्यांचं फोल्डर वेगळं असतं. नियम लिहिणारा मुख्य फोल्डरात बघायला सांगतो, प्रोग्राम शेजारच्या खोलीत आरामात बसलेला. आणि कधी प्रोग्राम एकाच माणसाच्या खात्यात बसतो, तर तपासणी होते मशीनच्या स्वतःच्या खात्यातून. तिला त्या माणसाचा खण दिसतच नाही.

उलटंही होतं. प्रोग्राम काढून टाकला, रिकामं फोल्डर तसंच राहिलं. सर्व्हर म्हणतो 'आहे'.

हे ऐकून मी गप्प झाले. कारण हे रिकामं फोल्डर मी नोकरीभर पाहिलंय. दिवाळी झाली की आमच्याकडची किती कुटुंबं ऊसतोडीला जायची, मुलं बरोबर. पटावर नाव कायम आणि बाकावर जागा मोकळी. मी निवृत्त झाल्यावर, ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली, आठवते ना? तेव्हा हजेरीपटावर विसंबले नाहीत, प्रत्यक्ष मुलं मोजली आणि बोटाला शाई लावली, म्हणजे तेच पोर दुसऱ्या शाळेत पुन्हा मोजलं जाणार नाही. खूण ठरवावी तर अशी. पण त्या खुणेलाही पोर कुठल्या फडावर आहे हे कळत नाही, फक्त इथे नाही एवढंच कळतं. असो, तो विषय मोठा आहे.

"पण मुंबईवाले त्या मुलालाच का टाकू देत नाहीत सॉफ्टवेअर?" मी विचारलं. बाकावरची सगळी म्हातारी माणसं हेच म्हणत होती, की हाताशी माणूस असताना मुंबई कशाला. भाची म्हणाली, बँकेत ज्याला हवं ते ज्यानं त्यानं टाकायचं ठरवलं तर तुझी पेन्शन एक दिवस तिसऱ्याच कोणाच्या खात्यात जाईल. बरं, वरून सगळं पाठवण्यातही धोका आहेच. १९ जुलै २०२४ ची गोष्ट तिनं सांगितली. तिच्या कंपनीत ते सॉफ्टवेअर नव्हतं, पण तिच्या धंद्यातले सगळे तो दिवस विसरत नाहीत. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक लहानशी फाइल जगभर पाठवली. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं. फाइलमधल्या माहितीला २१ रकाने होते आणि ती वाचणारा प्रोग्राम २० च रकान्यांच्या तयारीत. पाठवण्याआधी जी आपोआप तपासणी होते, तिनं ती फाइल पास केली होती! सुमारे सव्वा तासात, १०.५७ ला, त्यांनी ती मागे घेतली, पण तोवर सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले होते. आपल्याकडे विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहून दिले ते त्याच दिवशी. आणि बंद पडलेलं मशीन वरून दुरुस्त करणार कसं? पुष्कळ ठिकाणी माणसं एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन ती फाइल हातानं पुसत बसली. त्यानंतर त्या कंपनीनंही अशा फाइल टप्प्याटप्प्यानं पाठवायचं ठरवलं. आधी थोड्यांना, मग बाकीच्यांना. लग्नाच्या पंगतीला वाढण्याआधी आचारी चव घेतो, तेवढंच हे, पण जगाला ८५ लाख ताटं वाढून झाल्यावर सुचलं.

आता आमच्या बँकेचं. भाची दुसऱ्याच्या बँकेच्या कॉम्प्युटरला हात लावू शकत नव्हती आणि लावणारही नव्हती. तिनं मला फक्त काय विचारायचं ते सांगितलं. चौथ्या दिवशी मी वही घेऊन काउंटरवर. पहिला प्रश्न: "मशीन रीस्टार्ट केलंय का?" मुलगा जरा दुखावलाच. "मॅडम, रोज संध्याकाळी शट डाउन करूनच जातो." त्याचं खरं होतं. मग दुसरा प्रश्न: टास्क मॅनेजर उघडून बघ, कॉम्प्युटर किती वेळ चालू आहे असं लिहिलंय? त्यानं उघडलं आणि बघतच राहिला. एक्केचाळीस दिवस!

त्याचं असं आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, सकाळी कॉम्प्युटर लवकर सुरू व्हावा म्हणून एक सोय आली. शट डाउन म्हटलं की तो पूर्ण विझत नाही. आतला गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवतो आणि सकाळी तोच उचलतो. चुलीतले निखारे राखेखाली झाकून ठेवावेत ना, तसं. खरं नव्यानं सुरू व्हायचं तर 'रीस्टार्ट'च म्हणावं लागतं. भाची म्हणाली, बऱ्याच कंपन्या ही सोय बंदच करून ठेवतात.

आणि मुंबईहून सॉफ्टवेअर आलं तेव्हा आधीच्या जुन्या यंत्राची एक फाइल वापरात होती. ती बदलता आली नाही, म्हणून 'पुढच्या रीस्टार्टला बदलेन' अशी नोंद करून इन्स्टॉलरनं काम संपवलं आणि वर ३०१० हा आकडा कळवला. या आकड्याचा अर्थ 'झालं, पण रीस्टार्ट बाकी'. वाचणाऱ्यानं 'झालं' एवढंच धरलं. फोल्डर होतं, म्हणून यादीत इन्स्टॉल्ड. इकडे जीवन प्रमाणला फोल्डरशी काय कर्तव्य? अंगठ्याच्या यंत्राबरोबर एक सेवा चालू असावी लागते. ती हाक मारल्यावर 'तयार' म्हणाली तरच पुढे. ती काही 'तयार' म्हणेना.

मुलानं रीस्टार्ट दाबलं. पाच-सात मिनिटं सगळे पडद्याकडे बघत बसलो, क्रिकेटच्या मॅचसारखे. यंत्राचा दिवा लागला. ड्रायव्हरांचा अंगठा दोनदा नाकारला, स्टिअरिंगनं रेषा घासलेल्या. उजव्या हाताचं मधलं बोट लागलं. कागद हातात आल्यावर त्यांनी तो चष्मा न लावताच वाचला, असं मला वाटलं.

पिशोरच्या आजींचं मात्र एकही बोट जुळेना. कापूस वेचून वेचून बोटं गुळगुळीत. मग त्यांचा दाखला माझ्या फोनवर चेहऱ्यावरून केला. त्यासाठी दोन ॲप लागतात, एक जीवन प्रमाणचं आणि दुसरं आधार फेस आरडी. हे दुसरं टाकून झालं तरी फोनवर त्याचं चिन्हच उमटत नाही. सेटिंगमध्ये जाऊन बघावं तेव्हा कळतं की आहे. आजींना दोन वेळा डोळे मिचकवायला लावले. त्या लाजून इतक्या हसल्या, की तिसऱ्यांदा फोटो घ्यावा लागला.

परवा यादीतली एक शंका विचारायला त्याच शाखेत गेले होते. मुलानं सांगितलं की मुंबईनं आता खूण बदलली आहे. फोल्डर न बघता ती सेवा चालू आहे का ते बघतात. तो स्वतः मात्र रोज सकाळी शटर वर गेलं की आधी रीस्टार्ट करतो, आपलाच अंगठा यंत्रावर ठेवून बघतो आणि मगच पहिला टोकन नंबर पुकारतो.