नायकाचे दोष आणि आपली कात्री

गेल्या दिवाळीत पुण्याहून नातू आला होता. वर्ध्याच्या आमच्या घरात त्याला करमण्यासारखे फारसे काही नसते. पवनारला धाम नदीवर एकदा जाऊन यायचे, सेवाग्रामला बापू-कुटीसमोर पाच मिनिटे गप्प बसायचे, की त्याची यात्रा संपते. मग उरलेल्या संध्याकाळी तो मला चित्रपट दाखवतो. या वेळी त्याने ख्रिस्तोफर नोलनचा 'द डार्क नाइट' लावला. चित्रपट २००८ सालचा, म्हणजे नातू तेव्हा नुकताच रांगत असेल. पण त्याला त्यातला प्रत्येक प्रसंग आधीच ठाऊक होता. मी मध्येच विचारले, "हा वटवाघळाचा मुखवटा घातलेला माणूस चांगला की वाईट?" तो म्हणाला, "आजोबा, तो ग्रे आहे. आता सगळेच हिरो ग्रे असतात."

चाळीस वर्षे महाविद्यालयात नायकसंकल्पना शिकवलेल्या माणसाला हे वाक्य ऐकून गप्प बसवत नाही. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशान्त आणि धीरोद्धत ही चौकट मी फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. त्या चौकटीत 'ग्रे' नावाचा पाचवा रकाना नव्हता, आणि तो नसल्याची खंत माझ्या पिढीतील समीक्षकांना वाटत असे. आपल्याकडे शोकात्मिका का नाही, ॲरिस्टॉटलच्या 'हॅमर्शिया'ला संस्कृत काव्यशास्त्रात प्रतिशब्द का नाही, या प्रश्नांवर आम्ही परिसंवाद घडवून आणले. आणि आता पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सांगतो, की सगळेच नायक सदोष असतात, आणि त्याला त्यात काही विशेष वाटत नाही. टोनी स्टार्क शस्त्रांचा व्यापारी असतो, मद्यपी असतो, गर्विष्ठ असतो. त्यामुळेच तो प्रेक्षकाला जवळचा वाटतो. दोष हे नायकाचे न्यून राहिलेले नसून अलंकार झाले आहेत. असे असेल तर आम्हाला जे हवे होते ते मिळाले असेच म्हणायला हवे. तरी समाधान का वाटत नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

उत्तर मला त्याच चित्रपटाच्या अखेरीस सापडले, आणि ते सुखद नव्हते. हार्वी डेंट नावाचा एक निर्भय सरकारी वकील या कथेत आहे. गुन्हेगारीने पोखरलेल्या शहराला त्याच्यात आशा दिसते. प्रेयसीच्या मृत्यूनंतर तो सूडाने वेडा होतो, माणसे मारतो, एका पोलीस अधिकाऱ्याच्या मुलावर पिस्तूल रोखतो आणि त्या झटापटीत मरतो. आता शहराला सत्य सांगायचे की नाही? बॅटमन ठरवतो की सांगायचे नाही. डेंटचे खून त्याने स्वतःच्या नावावर घ्यायचे, म्हणजे डेंटची प्रतिमा निष्कलंक राहील. २०१२ साली आलेल्या पुढच्या भागात या असत्यावर उभारलेला एक कायदाच दिसतो. डेंटच्या नावाने केलेला, कैद्यांना सुटकेची वाट बंद करणारा कायदा. पुढे ते असत्य उघडे पडते ते एका खलनायकाच्या तोंडून, आणि तोपर्यंत ते उच्चारण्याचा अधिकार प्रामाणिक माणसांनी गमावलेला असतो.

नातू म्हणाला, "शेवट भारी आहे ना?" मी होकार दिला. पण मला दिसत होता तो १९९२ सालच्या ऑगस्टमधला एक शाळकरी मुलगा, खाकी अर्धी चड्डी आणि लाकडी बंदूक घेऊन रंगमंचाच्या कडेला उभा असलेला.

वर्धा जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आष्टी हे गाव आहे. आज त्याच्या नावापुढे 'शहीद' असे लिहितात. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तेथील लोक मोर्चाने पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबार झाला आणि गावकरी मारले गेले. त्यानंतर खवळलेल्या जमावाने ठाणेदाराला आणि त्याच्या शिपायांना ठार केले. त्याच दिवशी चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरलाही असाच भडका उडाला, आणि 'आष्टी-चिमूर' ही दोन नावे तेव्हापासून जोडूनच उच्चारली जातात. लोकांना चेतवल्याबद्दल तुकडोजी महाराजांना त्याच महिन्यात अटक झाली. खटले चालले, फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या, आणि देशभर उठलेल्या आवाजानंतर १९४५ मध्ये त्या जन्मठेपेत बदलल्या गेल्या. त्या आवाजात सेवाग्रामचाही आवाज होता. गांधीजींनी हिंसेचे समर्थन केले नाही. मात्र या माणसांना फासावर चढवू नये म्हणून शब्द टाकला. समर्थन न करता पाठीशी उभे राहणे ही गोष्ट तेव्हा शक्य होती.

या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा एका शाळेने मला नाटिका लिहून मागितली. मी ती आठवडाभरात लिहिली. त्यात मोर्चा होता, घोषणा होत्या, गोळीबार होता, हुतात्म्यांचे मरण होते. त्यानंतर पडदा. ठाणेदार आणि शिपाई यांचे पुढे काय झाले हे त्यात नव्हते. मला ते माहीत नव्हते असे नाही. लहान मुलांचे नाटक आहे, प्रसंग औचित्याचा आहे, पालक समोर बसलेले असणार, असे काहीबाही मी स्वतःला सांगितले. खरे म्हणजे सांगण्याचीही गरज पडली नाही. लेखणी आपोआपच वळली. रंगीत तालमीच्या दिवशी शिपायाचे काम करणाऱ्या मुलाने विचारले, "सर, गोया मारल्यावर मी कुकडून जाऊ जी?" प्रश्न रंगमंचापुरता होता. मी म्हणालो, "डावीकडून निघून जा." तो तसा गेला. प्रयोग चांगला झाला. टाळ्याही पडल्या.

आष्टीच्या ठाण्यातले शिपाई डावीकडून निघून गेले नव्हते.

मी काही नवे केले नव्हते, ही पुढची जाणीव होती. किंबहुना माझ्यामागे फार मोठी परंपरा होती. धनंजयाच्या 'दशरूपका'त नाटककाराला दिलेला एक सल्ला आहे. मूळ कथेत नायकाला किंवा रसाला न शोभणारे जे असेल ते त्याने गाळावे, नाहीतर बदलून घ्यावे. धनिकाने आपल्या टीकेत याची जी उदाहरणे दिली आहेत, ती दोन्ही वालिवधाची आहेत. मायुराजाने 'उदात्तराघवा'त रामाने कपटाने वालीला मारल्याचा प्रसंग गाळून टाकला, आणि भवभूतीने 'महावीरचरिता'त तो फिरवला. तेथे वालीच रावणाच्या मैत्रीखातर रामाला मारायला येतो आणि रामाच्या हातून मरतो. गाळणे आणि फिरवणे या दोनच वाटा. तिसरी शास्त्राने सांगितलेली नाही. वर्गात हे सूत्र शिकवताना मी त्याला 'औचित्यविचार' म्हणत असे. तालमीच्या दिवशी मी मायुराजाची वाट धरली होती आणि तेव्हा मला त्याचे नाव आठवले नव्हते.

वालीचा विषय आमच्या जिल्ह्यात परका नाही. वासुदेव विष्णु मिराशी यांनी पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असे मांडले आणि तेथील शिल्पपटांत रामकथेतील प्रसंग ओळखले. विनोबांना आश्रमाच्या जमिनीत सापडलेली भरत-रामभेटीची शिला सर्वांना माहीत आहे. पण मिराशींनी ओळखलेल्या पटांत वालि-सुग्रीवांचे द्वंद्वही आहे. (पुढे प्रवरपुरासाठी मनसरचे नाव आले, आणि या पटांच्या ओळखीही सर्वांनी मान्य केल्या नाहीत, तो वाद पुरातत्त्वज्ञांचा, त्यांच्याकडेच राहू द्यावा.) याच वंशातील दुसऱ्या प्रवरसेनाच्या नावावर 'सेतुबंध' हे माहाराष्ट्री प्राकृतातील महाकाव्य आहे. ते उघडते तेव्हा वाली आधीच मेलेला आहे. राम पावसाळा कसाबसा कंठत आहे आणि शरद येऊ घातला आहे. समुद्रावर सेतू बांधण्याच्या कथेला येथूनच आरंभ करणे कलादृष्ट्या समर्थनीय आहे, यात शंका नाही. तरीही मला आता त्या आरंभाच्या आधीची रिकामी जागा दिसल्यावाचून राहत नाही.

वाल्मीकीने मात्र गाळले नाही आणि फिरवलेही नाही. किष्किंधाकांडात बाण लागून पडलेला वाली बोलतो, आणि थोडेथोडके नव्हे, एक अख्खा सर्ग बोलतो. मी दुसऱ्याशी लढत असताना तू मला आडून का मारलेस, तुझ्या राज्यात मी कोणता अपराध केला होता, असे तो विचारतो. पुढच्या सर्गात राम उत्तर देतो. तू धाकट्या भावाच्या पत्नीचा अभिलाष धरलास, म्हणून हा दंड आहे. ही भूमी इक्ष्वाकूंची असून भरताच्या वतीने मी तो देत आहे. आणि शेवटी, तू शाखामृग आहेस, मृगाला लपून मारण्यात दोष नाही. ही कारणे एकमेकांना धरून नाहीत. वाली दंडाला पात्र असेल तर तो मृग नव्हे, आणि मृग असेल तर त्याला दंड कसला? कवीला हे कळले नसेल असे मी मानत नाही. वाली अखेर रामाचे म्हणणे मान्य करतो. पण त्याचा प्रश्न संहितेतून पुसला जात नाही, आणि त्यामागोमाग तारेचा विलाप येतो.

येथे मला नातवाच्या 'ग्रे' या शब्दातील त्रुटी दिसते. दोष ही एक गोष्ट आहे आणि अपराध ही दुसरी. दोष नायकाच्या ठायी असतो, अपराध दुसऱ्या कोणाचा तरी केलेला असतो. आजचा बहुतेक अतिमानवी नायक दोषांनी नटलेला असतो. त्याचे बालपण दुखावलेले असते, रात्री त्याला झोप येत नाही, त्याच्या क्रौर्याला कारण असते. प्रेक्षकाची सगळी सहानुभूती त्या कारणापाशी थांबते. ज्याच्या अंगावर इमारत कोसळली त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. नायकाला राखाडी रंगवणे हीसुद्धा कात्री असू शकते. फक्त ती निराळ्या ठिकाणी चालते.

अर्थात सर्वच कलाकृतींना हे लागू नाही, आणि येथे मला माझ्या पूर्वग्रहाला मुरड घालावी लागली. नातवाने दुसऱ्या दिवशी २०१६ सालच्या 'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर'मधील एक प्रसंग मुद्दाम दाखवला. व्याख्यान देऊन बाहेर पडणाऱ्या स्टार्कला एक स्त्री गाठते. तुमच्या लढाईत माझा मुलगा गेला, एवढेच तिचे सांगणे. ती कथेत पुन्हा येत नाही, पण पुढची कथा तिने वळवलेली असते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'द बॉइज' या मालिकेचा तर आरंभच एका सामान्य तरुणाच्या डोळ्यांसमोर घडतो. त्याची प्रेयसी रस्त्यात उभी असताना वेगाने धावणारा एक महानायक तिच्या देहाच्या चिंधड्या करून जातो, आणि त्याच्या कंपनीची माणसे भरपाईचे कागद घेऊन येतात. या मालिकेतील रक्तपात मला सोसवत नाही. तरी वालीला बोलू देण्याची वाल्मीकीची रीत तिच्या कर्त्यांनी आपापल्या परीने शोधली आहे, हे मान्य करायला हवे.

आणि आपल्याकडे? दूरदर्शनवर १९८८ ते १९९० या काळात 'महाभारत' चालू असताना रविवारी सकाळी वर्ध्याचे रस्ते ओस पडत. द्यूतसभेत मान खाली घालून बसलेले भीष्म ज्यांनी उभे केले, तेच मुकेश खन्ना १९९७ मध्ये 'शक्तिमान' झाले आणि भाग संपता संपता मुलांना चांगल्या सवयी सांगू लागले. मौनाचा अपराधी जाऊन निष्कलंक उपदेशक आला, आणि दोन्ही चेहरे एकच. कर्णाची गोष्ट याहून अवघड आहे. १९६७ साली 'मृत्युंजय' आल्यानंतर मराठी वाचकाने कर्णाच्या दुःखाला जेवढी जागा मनात दिली, तेवढी सभेत त्याने द्रौपदीला उद्देशून काढलेल्या शब्दांना दिली नाही. इरावती कर्वे यांचे 'युगान्त' त्याच वर्षी प्रसिद्ध झाले, हा योगायोग मला नेहमी विलक्षण वाटत आला आहे.

भवभूतीकडे पुन्हा यायला हवे, कारण तो आमच्या विदर्भाचा, पद्मपुराचा, आणि त्याच्याविषयीचा हिशेब 'महावीरचरिता'पाशी संपत नाही. 'उत्तररामचरिता'च्या पाचव्या अंकात लव उपहासाने म्हणतो, की वडीलधाऱ्यांच्या चरित्राची चिकित्सा करू नये. आणि असे म्हणत म्हणतच ताटकेचा वध, खराशी लढताना मागे घेतलेली पावले आणि इंद्रपुत्राला मारण्यातले कौशल्य यांची यादी देतो. इंद्रपुत्र म्हणजे वाली. ज्या कवीने एका नाटकात तो प्रसंग फिरवला, त्यानेच दुसऱ्या नाटकात तो रामाच्या मुलाच्या, आणि तोही बापाला न ओळखणाऱ्या मुलाच्या, तोंडी परत आणला. मधल्या काळात भवभूतीला काय झाले असेल, याविषयी तर्क करण्याचा मोह मी टाळतो. माझ्या बाबतीत मधली तीस वर्षे काहीच झाले नाही, एवढे मला ठाऊक आहे.

आष्टीच्या माणसांना मी आजही हुतात्मेच म्हणतो. गोळ्या कोणी झाडल्या, सत्ता कोणाची होती, हे विसरून तराजूची पारडी समान करण्याची मला इच्छा नाही. त्या शिपायांपैकी कोणी बोलले असते तर काय बोलले असते, हे मला लिहिता येईल की नाही याचीही खात्री नाही. परंतु गांधीजींच्या जिल्ह्यातील माणसाने ते लिहून पाहिलेच नाही, ही गोष्ट निराळी.

मध्यंतरी त्याच शाळेतून दूरध्वनी आला. नाटिका पुन्हा बसवायची आहे, वही आहे का, असे नव्या शिक्षिकेने विचारले. वही होती. 'शिपाई डावीकडून जातात' ही रंगसूचना माझ्याच अक्षरात होती. मी म्हणालो, "एक प्रवेश वाढवावा लागेल, बाई." त्या म्हणाल्या, "कितीक वेळ वाढेल सर? कार्यक्रम अकराच्या आत आटपायचा असतो." दहा मिनिटे लागतील, असे मी सांगितले.