चांद्याच्या वाटेवरचें लांकूड

नागपुराहून दक्षिणेस निघालें म्हणजे वर्धा जिल्ह्यांतील जाम या गांवीं रस्त्याला दोन फांटे फुटतात. एक हिंगणघाटावरून हैदराबादेकडे जातो. दुसरा वरोऱ्यावरून चांद्यास, म्हणजे आजच्या चंद्रपुरास, पोंचतो. सभोंवार काळी जमीन व कापसाचीं शेतें. पाहण्यासारखें येथें काय आहे, असें म्हणून प्रवासी चहा घेतात व पुढें जातात. आम्हीही तेंच केलें असतें. पण गाडींत भाच्याची गिटार होती. मुंबईहून आणलेल्या त्या वाद्याच्या तबलीला नागपुराच्या वैशाखांत आठवड्याच्या आंत केसाएवढा तडा गेला होता, आणि घरांत तोच विषय चालला होता.

लांकूड हवेंतली ओल पितें आणि सोडतें. समुद्रकांठच्या दमट हवेंत फुगलेली पातळ फळी विदर्भाच्या कोरड्या उन्हांत रुंदीनें आकसूं पाहते. आंतून चिकटविलेल्या आडव्या पट्ट्या तिला आकसूं देत नाहींत. मग ती रेषेवर फाटते. म्हणूनच जाणते कारागीर कोरड्या हवेंत सांधे जोडतात. ज्या उन्हाळ्याला आपण नांवें ठेवतों, तो वाद्य घडविणाऱ्याच्या पथ्यावर पडणारा आहे!

चांद्याकडील रानांची कीर्ति सागाची. बल्लारपुराचा साग २०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं गेला. दारास तो उत्तम. गिटारीच्या तबलीस मात्र जड. तबली हलकी, तरी ताठ हवी. पाश्चात्य कारागीर त्यासाठीं थंड प्रदेशांतला स्प्रूस घेतात. तो आपल्याकडे नाहीं, शिवण आहे. शिवणीचें लांकूड फिकट, वजनानें पाण्याच्या सुमारें निम्मे, वाळतांना फारसें न वांकणारें. वाद्यांसाठीं तें पूर्वीपासून वापरांत आहे. पाठीला व बाजूंना शिसव. ब्राझीलच्या शिसवाची आवक १९६९ च्या सुमारास आटली, तेव्हांपासून अमेरिकेंतील कितीतरी उत्तम गिटारींची पाठ हिंदुस्थानच्या शिसवाची असते. आपलेंच लांकूड परदेशीं जाऊन वाद्य बनतें, आणि तें आपण दामदुप्पट मोजून घरीं आणतों. या शिसवाच्या व्यापारावर २०१७ सालीं आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. २०१९ सालीं तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली. ओंडक्यापेक्षां वाद्य पाठविण्यांत शहाणपण आहे, तें यामुळेंही.

जवळच्या लांकडाला गातें करण्याचा प्रश्न मिरजेनें मात्र केव्हांच सोडविला. १८५० च्या सुमारास हत्यारें घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब तंबोऱ्याकडे वळले. खालीं पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा, वर तून लांकडाची तबली व दांडी. हें तून महोगनीच्या कुळांतलें. स्पॅनिश गिटारीची मान ज्या सेद्रोची करतात, तेंही त्याच कुळांतलें. तेव्हां तंबोरा व गिटार यांचें नातें आपण समजतों तितकें लांबचें नाहीं. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

शिवणीची तबली स्प्रूससारखी बोलणार नाहीं, हें उघड आहे. बोलावी तरी कां? तंबोरा वीणेसारखा बोलत नाहीं म्हणून कोणी हळहळलें नाहीं. मात्र उतावळेपणा येथें चालावयाचा नाहीं. ओंडका गाभ्याकडून सालीकडे चिरावा, फळ्यांमध्यें पट्ट्या घालून त्या सावलींत रचाव्या, दोन उन्हाळे जाऊं द्यावे, आणि मगच रंध्याला हात घालावा.