पंचाची शिट्टी

केंद्राच्या क्रीडास्पर्धांत खो-खोची शिट्टी बरीच वर्षे माझ्याकडे आहे. हरलेला संघ पाण्याच्या टाकीपाशी मला गाठतो आणि विचारतो, "गुरुजी, तो फाऊल कसा काय दिला?" जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, आपले मुलामुलींचे दोन्ही संघ जिंकले. तेव्हापासून पोरींना प्रियांका इंगळे व्हायचे आहे, म्हणून एकेक फाऊल जिवाला लागतो.

मधल्या पाटीपलीकडे पाय पडला तर सगळ्यांना दिसते. खरी पंचाईत खांद्याची. पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली, की खांबापर्यंत तीच. खांदे काटकोनाहून जास्त मागे वळले तर फाऊल. वहीतला काटकोन गुण्याने मोजता येतो, पळत्या पोरीच्या खांद्याला गुण्या कोण लावणार? 'खो'सुद्धा हात लावून आणि मोठ्याने हवा. मोठ्याने म्हणजे किती, ते शेवटी माझे कान ठरवतात.

अमेरिकेत तुमच्याएवढी मुले बेसबॉल खेळतात. तिथल्या पंचाचे दुखणे हेच. फलंदाजाच्या बाजूला जमिनीवर सुमारे 43 सेंटिमीटर रुंदीची पाटी असते. चेंडू तिच्यावरून, फलंदाजाच्या गुडघा ते छाती एवढ्या उंचीतून गेला, की त्याने बॅट हलवली नाही तरी 'स्ट्राइक'. तीन स्ट्राइक झाले की बाद. म्हणजे चौकट हवेत, आणि पोर बुटके असले की तीही बुटकी! लहान गोलंदाजांचा नेम कच्चा असतो, म्हणून पुष्कळ पंच ती थोडी मोठी धरतात. नाहीतर चार चेंडू बाहेर, फलंदाज फुकटात पहिल्या तळावर, आणि खेळ राहतो बाजूला. मला हे पटते, पण अर्धेच. गोलंदाजावर केलेली माया फलंदाजाच्या खात्यातून जाते.

पारनेर तालुक्यातल्या एका सामन्यात चौथीतल्या मुलीने दिलेला खो शेजारच्या चौकातही ऐकू गेला नसेल. पुढची उठली, तिने पळणारीला गाठलेही. मी शिट्टी वाजवली, गडी नाबाद. कडेने ओरड झाली, "गुरुजी, लहान आहे, सोडून द्या!" अहो, पण जी बाद झाली असती तीही चौथीतलीच होती!

हल्ली सामन्याआधी मी दोन्ही संघांतल्या प्रत्येकीला एकदा खो म्हणायला लावतो आणि स्वतः पार टोकाच्या खांबापाशी उभा राहतो. ऐकू आला की हात वर करतो. बुजऱ्या पोरी तिसऱ्यांदा ओरडतात तेव्हा सारे मैदान हसते, पण आवाज पोहोचतो.