परतीची शिदोरी

काराकोरम पर्वतरांगेत ब्रॉड पीक नावाचे, ८,००० मीटरांहूनही उंच असे एक शिखर आहे. २०१८ च्या जुलै महिन्यात रिक ॲलन हा साठी ओलांडलेला स्कॉटिश गिर्यारोहक त्या शिखरावर एकटा असताना बेपत्ता झाला. तो जिवंत असेल, ही आशा जवळजवळ मावळली होती. त्याच सुमारास शेजारच्या के-२ शिखराच्या पायथ्याशी बार्टेक बार्गिएल हा पोलिश तरुण आपल्या भावाच्या मोहिमेचे चित्रण करण्यासाठी आला होता. त्याच्याजवळ एक ड्रोन होता. बाजारात कोणालाही विकत मिळेल असा, घडी करून पिशवीत मावणारा. बार्टेकने तो त्या हिमकड्यांवर धाडला आणि ॲलन जिवंत असल्याचे दृष्टीस पडले! शोध घेणाऱ्यांना त्याचा ठावठिकाणा कळला व त्याचे प्राण वाचले.

एवढेसे हे यंत्रपाखरू. परंतु थंडीपुढे ते फार हळवे असते. खरे पाखरू पिसे फुगवून अंगातील ऊब राखते. यंत्राला ही देणगी नाही. त्याचा सारा प्राण बॅटरीत असतो. लिथियमच्या बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, तिचा अंतर्गत रोध वाढतो, आणि पंख्यांनी एकाएकी जास्त वीज मागितली की तिचा दाब झपाट्याने उतरतो. मग पडद्यावर पुरेशी वीज शिल्लक दिसत असतानाही ड्रोन भलत्याच ठिकाणी खाली येतो. उंचावर हवाही विरळ. तेथे पात्यांना अधिक वेगाने फिरावे लागते, म्हणून वीज आणखी लवकर सरते.

यास्तव जाणता चालक आधी बॅटरीची काळजी वाहतो. आई तान्ह्या मुलाला पदराखाली घेते, तसा तो तिला अंगरख्याच्या आतल्या खिशात उबेला ठेवतो. उड्डाणानंतर ड्रोन लगेच दूर न धाडता मिनिटभर तो जवळच तरंगत ठेवतो. तेवढ्यात बॅटरी आपल्याच कामाने तापते. धुके असेल किंवा हिम पडत असेल, तर तो उड्डाणाचा मोह आवरतो. कारण पात्यांवर बर्फाचा थर धरला की त्यांचे उचलण्याचे बळ घटते. घरी परतल्यावर गारठलेली बॅटरी तो लागलीच चार्ज करीत नाही. तसे केल्यास तिच्या आत लिथियमचा थर साचून ती कायमची दुबळी होते.

या साऱ्यांत मोठी दक्षता एकच, ती म्हणजे वेळीच माघारी वळणे. जाताना पाठीवर असलेला वारा येताना तोंडावर येतो, आणि गेले तेवढ्याच अंतराला दुप्पट वीज लागू शकते. पूर्वीचे वाटसरू शिदोरीतील अर्धी भाकरी परतीच्या वाटेसाठी बांधून ठेवीत. थंडीच्या प्रदेशात ड्रोन उडवणाऱ्याने तर अर्ध्याहून अधिक राखावी. पुढचे शिखर कितीही खुणावत असले, तरी शिदोरीकडे पाहून जो वळतो, त्याचेच पाखरू सुखरूप हाती येते. आणि उद्या कोणी हिमात हरवला, तर त्याला शोधण्यासाठी तेच पुन्हा आकाशात झेपावते.