उजेडाची वांटणी

घर घेतांना माणसें खोल्या मोजतात, उजेड मोजीत नाहींत. जुन्या वाड्यांत तो मोजण्याचें कारणही नसे. मधल्या चौकांत आकाश उतरलेलें असे; ओसरीवर तांदूळ निवडणाऱ्या बायका, पाटी घेऊन बसलेलीं मुलें, पोथी वाचणारे आजोबा, सर्वांचें त्यावर भागे. सदनिकेला चौक नाहीं. तेथें प्रत्येक खोलीला आपला उजेड बाहेरून मागून आणावा लागतो, आणि मग कोणाला किती, हा प्रश्न उभा राहतो.

नागपुरास मनीषनगरांत आमच्या एकत्र कुटुंबासाठीं घराचा नकाशा झाला, तेव्हां पश्चिमेला बैठक होती व तिला भिंतभर कांचेची खिडकी. कारण तिकडे वर्ध्याचा लोहमार्ग आणि त्यापलीकडे सूर्यास्त. उत्तरेची खोली पाहुण्यांची. स्वयंपाकघर मात्र नळ उतरतात त्या अरुंद डक्टकडे उघडणारें. थोरल्या वहिनींनीं नकाशा पाहून एवढेंच विचारलें, “भाऊजी, पाहुणे वर्षांतून आठ दिवस येणार. मी दिवसभर घरांत. मग भर दुपारीं दिवा लावून खडे मीं कां वेंचावे?” वडिलांचें म्हणणें वेगळें होतें. त्यांची सारी नोकरी रेल्वेंत गेली. आतां जिना उतरवत नाहीं. “मला गाड्या दिसल्या पाहिजेत,” ते म्हणाले.

दोघांची मागणी खिडकीचीच. पण वहिनींना उजेड हवा होता, वडिलांना देखावा. ह्या दोन गोष्टी आपण एकच समजतों. खिडकीचा माथा जितका उंच, तितका उजेड खोलींत आंतवर पोंचतो; देखाव्याला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढें हातभर मोकळी जागा पुरते.

त्यांत नागपूरचें ऊन. शहर उत्तरेस सुमारें २१ अक्षांशावर. मेच्या अखेरीस व जुलैच्या मध्यास सूर्य मध्यान्हीं डोक्यावर येतो, मधल्या काळांत किंचित् उत्तरेला झुकतो. डिसेंबरांत तो दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारें ४५ अंश उंचीवर असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा असला, कीं उन्हाळा बाहेर राहतो व हिवाळ्याचें ऊन घरांत येतें. उत्तरेचा उजेड दिवसभर सौम्य व एकसारखा. पश्चिमेचें ऊन मात्र आडवें, छज्ज्याखालून थेट तोंडावर येणारें. ल कॉर्बूझिए ह्यांनीं अहमदाबादच्या गिरणीमालक संघाच्या १९५४ च्या इमारतीला ह्यासाठींच पश्चिमेस तिरप्या काँक्रीटच्या फळ्या लावल्या. आपल्याकडे वैशाखांत उष्णतामान ४५ अंशांच्या घरांत गेलें, कीं कांचेवर जाड पडदा ओढतात व खिडकींत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बसवितात. मग सूर्यास्त कोणीं पाहावा?

शेवटीं उत्तरेची खोली स्वयंपाकघराला मिळाली. नळ फिरवून नेण्याचा खर्च वाढला. पाहुण्यांची खोली डक्टकडे गेली. भिंतभर कांच जाऊन खुर्चीच्या उंचीला लांकडी झडपांची एक लहान खिडकी आली. बैठकीची शोभा गेली, हें धाकट्या भावाचें मत अद्याप कायम आहे. पण वडील तेथें बसून गाड्या ओळखतात, आणि वहिनींच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत दिवा लागत नाहीं.

नकाशावर सही करण्यापूर्वीं वाचकांनीं तो घरांतल्या एका माणसाला अवश्य दाखवावा. जें माणूस दिवसाचे सर्वांत अधिक तास त्या भिंतींच्या आंत काढणार आहे, त्याला. बहुतेक घरांत त्याचें मत कोणीं विचारलेलें नसतें.