गोलरक्षकाचा हिशेब

वाराणसीत हॉकीचा विषय निघाला की महंमद शाहिद यांची चेंडू खेळविण्याची हातोटी आठवते. चढाई स्मरणात राहते. बचाव सहसा राहत नाही. महूचे शंकर लक्ष्मण ह्याचे ठळक उदाहरण होत. मराठा लाइट इन्फंट्रीतील हा सैनिक १९५६, १९६० व १९६४ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यांत पाकिस्तानविरुद्ध भारताचा गोलरक्षक होता. तिन्ही सामन्यांत मिळून त्यांच्यावर एकच गोल झाला. त्याच गोलाने १९६० चे सुवर्णपदक गेले. उरलेल्या दोन्ही सामन्यांत भारताचा एकेकच गोल सुवर्णपदकास पुरला, तो त्यांनी समोरचे शून्य राखले म्हणून. आघाडीच्या खेळाडूचा हिशेब केलेल्या गोलांचा असतो, गोलरक्षकाचा न झालेल्या गोलांचा. २००६ मध्ये महू येथे पायाच्या गँगरीनने त्यांचे निधन झाले.